निरोप पोचला, माणूस थांब्यावरच

नवे यंत्र आले की त्याच्या पाठोपाठ एक भाकीतही येते. तार आली, टेलिफोन आला, संगणक आला आणि आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल आला. प्रत्येक वेळी भाकीत एकच होते, की आता माणसाचा हेलपाटा संपेल. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पाश्चात्त्य जगाला मोटारीतल्या इंधनाची खरी किंमत कळली. त्याच वर्षी जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने घरी बसून दूरसंदेशाच्या साहाय्याने नोकरी करण्याला 'टेलिकम्यूटिंग' असे नाव दिले. निरोपाने प्रवासाची जागा घ्यावी, रस्ते मोकळे व्हावेत आणि माणसाच्या हाती वेळ उरावा, अशी ती कल्पना होती. अर्धशतकानंतर तीच कल्पना आपल्याकडे सरकारी जाहिरातीतल्या एका शब्दात येऊन बसली आहे. तो शब्द म्हणजे 'घरबसल्या'. सातबारा घरबसल्या, दाखला घरबसल्या, बँक घरबसल्या, पीकविमा घरबसल्या. या शब्दाचा हिशेब मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत बसून मांडला तर तो बरोबर येतो. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी, एस.टी.च्या थांब्यावर उभे राहून मांडला तर त्याचे उत्तर निराळे येते.

अकोट हे सातपुड्याच्या पायथ्याचे, कापसाच्या बाजारपेठेचे गाव. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, आणि पंचेचाळीसएक किलोमीटरवर जिल्ह्याचे ठिकाण अकोला. जिल्हाधिकारी कचेरी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, कृषी विद्यापीठ हे सारे तिकडे. तालुक्यातल्या कास्तकाराचे आणि मजुराचे आयुष्य दोन अंतरांत विभागलेले असते: खेड्याहून अकोट, आणि अकोटहून अकोला. यांपैकी कोणते अंतर फोनने कमी केले आणि कोणते वाढवले, हा खरा प्रश्न आहे.

फोनने काहीच केले नाही असे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. नुसते 'कळण्यासाठी' करावे लागणारे प्रवास त्याने खरोखरच पुसून टाकले. बाजार समितीत आज कापसाला काय भाव फुटला, तहसीलदार जागेवर आहेत की दौऱ्यावर, बोर्डाचा निकाल काय लागला, लेकीच्या सासरी सारे कुशल आहे ना, एवढे समजून घेण्यासाठी एकेकाळी अख्खा दिवस मोडावा लागे. गावात तारवाला दिसला की घराघरांत काळजाचा ठोका चुके, कारण तार बहुधा मरणाचीच असे. ट्रंक कॉल नोंदवून टपाल कचेरीच्या बाकावर दोन-दोन तास बसलेली माणसे अजून हयात आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पी.सी.ओ.च्या पिवळ्या पाट्या लागल्या, १९९५ साली देशात मोबाइल आला, मे २००३ पासून येणाऱ्या फोनचे पैसे पडेनासे झाले. गरिबाने त्यातून 'मिस्ड कॉल' नावाची फुकटची तार शोधून काढली. जुलै २०१३ मध्ये सरकारी तारसेवा बंद झाली तेव्हा तिच्यासाठी फारसे कोणी रडले नाही. ही सारी खरी कमाई आहे.

परंतु कळण्याचा प्रवास वेगळा आणि करण्याचा प्रवास वेगळा. माल, देह, सही आणि अंगठा या चार गोष्टी तारेतून जात नाहीत. पैकी सही आणि अंगठा जातात असा आधुनिकांचा दावा आहे. त्याकडे पुढे वळू.

वऱ्हाडला हा धडा नवा नाही. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. १८७० साली समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली आणि त्याच वर्षी खामगावच्या कापूस बाजारापर्यंतचा रेल्वेचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात पोचायला पूर्वी जहाजाने आठवडे लागत, तेथे आता फार थोडा वेळ पुरू लागला. त्या वेगाचा लाभ कोणाला झाला? तार वाचणाऱ्याला. दलाल आणि निर्यातदार यांना भाव आधी कळू लागला, कास्तकाराला तो गाडी सोडल्यावर कळे. त्यामुळे पुढे पिढ्यानपिढ्या आपली अशी समजूत राहिली की कास्तकार नाडला जातो तो माहितीच्या अभावी. त्याच्या हाती माहिती द्या, बाकीचे आपोआप होईल.

मोबाइलने ही समजूत प्रयोगाला लावून पाहिली. तिच्या बाजूने नेहमी केरळच्या मच्छीमारांचे उदाहरण दिले जाते. १९९७ नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या होड्यांपर्यंत मोबाइल पोचला, कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे हे समुद्रातच कळू लागले, मासळी फुकट जाणे थांबले आणि बंदराबंदरांतली भावाची तफावत घटली, असे रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये दाखवून दिले. ते खरेही आहे. पण त्या मच्छीमाराजवळ होडी होती, म्हणजे वाहन होते, आणि समुद्राला टोलनाका नसतो. याच्या उलट महाराष्ट्रातल्या शंभर खेड्यांत केलेला दुसरा अभ्यास फारसा कोणी सांगत नाही. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन असली पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना भाव आणि हवामान यांचे रोजचे संदेश मोबाइलवर पुरवून पाहिले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. भाव कळला म्हणून ज्याचे कर्ज फिटलेले नाही त्याला थांबता येत नाही; ज्याच्याकडे गोदाम नाही त्याला साठवता येत नाही; ज्याच्याकडे गाडी नाही त्याला दुसऱ्या बाजारात जाता येत नाही. अकोटचा कास्तकार आज न्यूयॉर्कच्या वायद्याचा भावही फोनवर पाहतो, आणि नंतर ज्याच्याकडून बियाण्याला उचल घेतली त्यालाच माल घालतो.

येथे अर्थशास्त्राची थोडी मदत घ्यावी लागेल. वेळेलाही किंमत असते आणि ती माणसाच्या मजुरीच्या दराने मोजावी, असे गॅरी बेकर यांनी १९६५ साली मांडले. ज्याचा तास महाग तो वेळ वाचवणारी साधने विकत घेतो, ज्याचा तास स्वस्त तो स्वतः रांगेत उभा राहतो. वर्णन म्हणून यात चूक नाही. मात्र यातून निघणारा पुढचा निष्कर्ष पाठ्यपुस्तके सहसा काढत नाहीत. कोणतीही व्यवस्था काटकसर करायला निघाली की ती महाग वेळ वाचवते आणि त्याची भरपाई स्वस्त वेळेतून करते. कचेरीतल्या अधिकाऱ्याचा, बँकेच्या कारकुनाचा, कंपनीच्या तपासनिसाचा तास महाग. कापूस वेचणाऱ्या बाईचा तास सर्वांत स्वस्त. म्हणून नव्या यंत्राने वाचवलेले जे काम शिल्लक उरते ते उतारावरून पाणी यावे तसे तिच्या दारात येऊन साचते. याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात निरनिराळ्या शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले होते की माणूस प्रवासाला दिवसाचा साधारण एक तास, सव्वा तास देतो. गाडी वेगवान झाली तर तो वाचलेला वेळ घरी आणत नाही, आणखी लांब जातो. शहरातल्या नोकरदारापुरते हे निरीक्षण मोलाचे आहे. पण त्यात असे गृहीत धरलेले आहे की वेळ ज्याचा, ठरवणाराही तोच. वऱ्हाडातल्या मजुराच्या बाबतीत हे गृहीतच टिकत नाही.

पीकपाहणीचे उदाहरण घ्या. वावरात काय पेरले आहे याची नोंद करणे हे तलाठ्याचे काम होते. तो ते नीट करीत असे, असा दावा कोणी करणार नाही. पारावर बसून भरलेल्या पीकपेऱ्याच्या कथा गावोगाव आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' आली आणि हे काम कास्तकाराच्या मोबाइलवर आले. त्याने वावरात जायचे, तेथूनच पिकाचे छायाचित्र काढायचे, गट क्रमांक निवडायचा आणि माहिती वर पाठवायची. ज्याला हे जमते त्याची सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याचे वावर डोंगराच्या कुशीत असून तेथे लहरी मिळत नाहीत, ज्या विधवेच्या नावावर दोन एकर आहेत आणि जिचा मुलगा पुण्याला गेला आहे, त्यांनी काय करायचे? त्यांनी कोणा तरुणाची मनधरणी करायची, त्याला मोटारसायकलचे पेट्रोल भरून द्यायचे आणि वावरापर्यंत न्यायचे. तलाठ्याचा फेरा वाचला. तो फेरा नाहीसा झाला नाही, कास्तकाराच्या खात्यावर चढला, आणि त्याचा भत्ता मात्र कोणी मंजूर केला नाही. मुदतवाढी वारंवार द्याव्या लागल्या हाच या कारभाराचा पुरावा आहे.

कापसाच्या खरेदीत हेच अधिक ठळक दिसते. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा संकलन केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. ग्रेडरची वाट पाहत कास्तकार रात्ररात्र गाडीखाली झोपत. त्या रांगेचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण ती रांग डोळ्यांना दिसे. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र छापून येई, आमदाराला तेथे यावे लागे, रांगेतला माणूस शेजारच्याशी बोले आणि त्या बोलण्यातून मोर्चा निघे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' या ॲपवर आधारशी निगडित नोंदणी सक्तीची केली. नोंदणी १ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली, मुदत महिनाभराची होती, ती पुढे वाढवावी लागली. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, मंजुरी आणि त्यानंतर माल आणण्याचा दिवस आरक्षित करणे, असा क्रम होता. हे सारे खरोखर सुरळीत चालले असते तर त्यात कास्तकाराचे हितच होते. ठरल्या दिवशी गाडी न्यावी, माल मोजावा, घरी यावे. पण आधारवर जुना फोन क्रमांक, सातबाऱ्यावर सामायिक नावे, ई-पीक पाहणीत कापसाची नोंदच नाही, अशी एकेक गाठ सोडवायला एकेक फेरा. त्याच हंगामात १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत केंद्राने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ केले होते. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होता, खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली होता. अशा वेळी नोंदणीत अडकलेला प्रत्येक दिवस म्हणजे व्यापाऱ्याच्या पदरात पडलेला माल होय. जुनी रांग केंद्रासमोर होती. नवी रांग शेकडो घरांत विखुरली गेली. प्रत्येक जण आपल्या पडद्याकडे पाहत एकटाच उभा. अशा रांगेतून मोर्चा निघत नाही.

आणि ज्यांच्या घरी पडदाच नाही ते पुन्हा एस.टी.ने अकोटला येतात, सेतू केंद्राबाहेर बसतात, आणि 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य ऐकून परततात. पूर्वी 'साहेब नाहीत, उद्या या' असे ऐकावे लागे. साहेबांशी भांडता येत असे, सर्व्हरशी कसे भांडावे हे अजून कोणत्याच पक्षाला उमगलेले नाही.

स्त्रियांच्या वेळेचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण सर्वांत स्वस्त तास त्यांचाच. केंद्र सरकारच्या वेळ-विनियोग पाहणीत २०१९ साली असे आढळले की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ वर आले. म्हणजे याच पाच वर्षांत, ज्यांत स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत रुजले, स्त्रीच्या घरकामाची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. तिच्या डोक्यावरचा भार त्याने उचलला नाही. उलट मनोरंजन, करमणूक, प्रसारमाध्यमे यांवर जाणारा दिवसाचा वाटा याच काळात ९.९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला. तो कोणाच्या दिवसातून आला, हे प्रत्येकाने आपापल्या ओसरीवर पाहून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा फोन होता. अशा स्थितीत सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागण्यात आली. संकेतांक जायचा तो त्या पुरुषाच्या फोनवर. ज्यांचे पती आणि पिता दोघेही हयात नाहीत त्या बायांनी कोणाचा संकेतांक आणावा, हा प्रश्न सुरुवातीला कोणाला सुचलाच नव्हता. दीड हजार रुपयांसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून ज्या तालुक्याला आल्या त्यांना 'घरबसल्या' या शब्दाचा अर्थ विचारावा.

वेचणीच्या दिवसांत फोनने प्रवास कसा वाढवला हेही पाहण्यासारखे आहे. एकेकाळी वेचणीला बाया गावातल्याच वावरात जात. फार तर शिवेपलीकडे. आता मुकादमाच्या फोनवर रात्री ठरते की उद्या कोणत्या गावी किती बाया लागतील, आणि पहाटे ऑटो किंवा काळीपिवळी दारात उभी राहते. वीस-वीस किलोमीटरवर जाऊन किलोच्या दराने वेचायचे आणि अंधार पडता पडता परतायचे. काम मिळाले हे खरे. क्वचित दरही दोन रुपये बरा मिळाला असेल. पण जाण्यायेण्याचा वेळ मजुरीत धरला जात नाही, आणि दाटीवाटीने कोंबलेल्या वाहनाचा अपघात झाला तर त्याची जबाबदारी मालकाची की मुकादमाची हे कोठेच लिहिलेले नसते. फोनमुळे मजुरांचा बाजार मोठा झाला, मजुराचा दिवस लांबला.

रोजगार हमीची गत याहून विचित्र झाली. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून देशाला वाट दाखवलेली ही योजना. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाइल ॲपवरची हजेरी सर्वत्र सक्तीची केली: सकाळी एक छायाचित्र, दुपारनंतर दुसरे. काम मोजमापाचे, म्हणजे खोदलेल्या घनमीटरावर पैसे. उन्हाळ्यात भल्या सकाळी कामाला लागून दुपारच्या आत वाटणीचे काम उरकायचे आणि घरी जायचे, ही मजुरांची रीत होती. दुसऱ्या छायाचित्रासाठी त्यांना काम संपल्यावरही थांबणे भाग पडले. लहरी नसल्या तर हजेरी वर चढत नसे आणि केलेल्या कामाची मजुरी अडकत असे. मेळघाटच्या ज्या पाड्यांवर एका फोनसाठी टेकडी चढावी लागते तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू वाईट होता असे नव्हे, पण चोर कंत्राटदार पकडण्यासाठी पहारा बसवला तो घाम गाळणाऱ्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला. मजुराची हजेरी कोणत्या यंत्रावर घ्यायची याची चर्चा पुष्कळ होते, मजुराने वाट पाहण्यात घालवलेल्या तासांची मजुरी कोणी द्यायची याची होत नाही.

आता ज्या गोष्टीची जागा फोन कधीच घेऊ शकत नाही तिच्याकडे, म्हणजे रस्ता, रेल्वे आणि एस.टी.कडे येऊ. अकोटला मीटरगेज रेल्वे होती. अकोल्याकडून येऊन मेळघाटातून खंडव्याकडे जाणारी. गेजबदलासाठी २०१७ च्या आरंभी ती बंद झाली. अकोटच्या पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, या वादात वर्षे गेली. वाघाची बाजू खोटी नव्हती आणि माणसाचीही नव्हती. पण अकोला ते अकोट या टप्प्यात वाघ आडवा येत नव्हता. रूळ टाकून झाल्यावरही गाडी धावायला प्रदीर्घ काळ लोटला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील पूर्णेवरच्या ब्रिटिशकालीन पुलाला तडे गेल्याचे आढळले, वाहतूक बंद झाली आणि अकोट-अकोला हा सरळ रस्ता तुटला. तेव्हा अकोट तालुक्यात फोन बहुतेक घरांत होते, इंटरनेट होते, पैसे पडद्यावरून पाठवता येत होते. तरीही वळसा घालून जाणाऱ्या रुग्णांचे, विद्यार्थ्यांचे, कोर्टाच्या तारखेला निघालेल्या माणसांचे हाल व्हायचे ते झालेच. ज्यांना निरोपच धाडायचा होता त्यांचे काही अडले नाही. अखेर लोकांच्या रेट्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोट-अकोला ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. पूल तुटला नसता तर ती आणखी किती काळ रखडली असती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एस.टी.चे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांच्या मागण्या न्याय्य होत्या, सरकारने तो इतका लांबू दिला हा दोष सरकारचा. त्या महिन्यांत महाविद्यालयात जाणाऱ्या खेड्यातल्या किती मुली घरी बसल्या याची गणना झालेली नाही. 'ऑनलाइन' शिक्षणाचे तुणतुणे तेव्हा जोरात वाजत होते. पुढे १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे झाले आणि गाड्या बायांनी भरून गेल्या. या एका निर्णयाने खेड्यातल्या स्त्रीचा प्रवास जितका बदलला तितका कोणत्याही फोनने बदलला नाही. माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन यांसाठी ती निघाली. निघायची इच्छा आधीपासून होती, भाडे नव्हते. पण सवलत देणाऱ्या शासनाने गाड्या दिल्या नाहीत. अठरा हजारांच्या आसपास असलेला महामंडळाचा ताफा पंधरा हजारांच्या आसपास उतरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळपास पंधरा टक्के भाडेवाढ आली.

फोन आणि गाडी एकत्र आली की काय होते याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यात उणिवा पुष्कळ आहेत, दूरच्या पाड्यांवर ती वेळेत पोचत नाही. तरी बाळंतीण अडली असता जो जीव वाचतो तो क्रमांक फिरवल्याने वाचत नाही. त्या क्रमांकामागे चालक, डॉक्टर, डिझेल आणि वाहन उभे असते म्हणून वाचतो. ज्या ज्या सेवेत क्रमांकामागे असे काही उभे नाही ती सेवा म्हणजे नुसती घंटी.

फोनमुळे आपला समाज अधिक हिंडू लागला हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. पूर्वी लग्नाची पत्रिका अक्षता घेऊन घरोघर जाऊन द्यावी लागे, त्यामुळे आमंत्रणांना मर्यादा होती. आता पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पंधरा गावांना एका क्षणात जाते, आणि 'निरोप मिळाला नव्हता' ही सबब संपल्यामुळे प्रत्येक लग्नाला जाणे भाग पडते. पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर लागलेला अकोटचा मुलगा रोज आईशी पडद्यावर बोलतो. बोलणे होते म्हणूनच तो दूर राहू शकतो, आणि दिवाळीला खासगी ट्रॅव्हल्सचे दुप्पट भाडे भरून येतो. अंतर सोसवण्याचे काम फोन करतो, म्हणून अंतर वाढते. यात वाईट काही नाही. मात्र फोन आला म्हणजे गाड्यांची गरज घटेल, ही समजूत किती खोटी आहे ते यावरून दिसते.

फोन चालू ठेवण्याची किंमतही वेळेतच मोजली पाहिजे. इव्हान इलिच यांनी १९७४ साली अमेरिकन माणसाच्या मोटारीचा असा हिशेब मांडला होता: गाडी चालवण्याचे, गाडीसाठी कमावण्याचे आणि गाडीची उस्तवार करण्याचे तास मिळवले तर त्याचा वेग ताशी पाच मैलांच्याही खाली उतरतो. आपल्याकडे कंपन्यांनी फोनसाठी अठ्ठावीस दिवसांचा महिना शोधून काढला, ज्यायोगे वर्षात तेरा महिने होतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर एकदमच वाढवले. वेचणीवालीने त्या रिचार्जसाठी किती किलो कापूस वेचला आणि त्याच फोनवर आलेल्या संकेतांकापायी किती दिवस बुडवले, हा हिशेब मांडायला इलिच यांची गरज नाही.

यावर कार्यकर्त्यांनी यंत्राच्या विरोधात उभे राहावे, असे मुळीच सुचवायचे नाही. मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी हवी. कोणतीही शासकीय सेवा फोनवर नेताना तिची कागदावरची वाट खुली राहिली पाहिजे. नोंदणी अडली तर ती सोडवण्यासाठी अधिकाऱ्याने ठरलेल्या वारी गावात यावे. कास्तकाराने तालुक्याला नव्हे. यंत्र बंद पडल्यामुळे परत पाठवलेल्या माणसाला त्या दिवशीची किमान मजुरी मिळावी. ही शेवटची मागणी हास्यास्पद वाटेल. परंतु रोजगार हमीत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याची कल्पनाही एकेकाळी हास्यास्पदच मानली जात होती, आणि ती कायद्यात आली. गरिबाच्या तासाला किंमत लागली की तो वाया घालवण्यापूर्वी कचेरी दोनदा विचार करील.

अशा मागणीला आधार लागतो तो आकड्यांचा, आणि हे आकडे कोणतीही सरकारी पाहणी आयते देणार नाही. अकोटच्या बसस्थानकावर हे काम करता येण्यासारखे आहे. सायंकाळी खेड्यांकडे परतणाऱ्या गाड्यांत बसलेल्या माणसांना दोनच प्रश्न विचारायचे: आज कशासाठी आला होतात, आणि काम झाले का. चार कार्यकर्त्यांनी आठ दिवस ही नोंद वहीत केली, सर्व्हर, अंगठा, संकेतांक आणि जोडीला जुने 'साहेब नाहीत' असे रकाने पाडले, बुडालेली मजुरी आणि तिकिटाचे पैसे त्यापुढे मांडले, तर पुढच्या हंगामाच्या कापूस नोंदणीची मुदत जाहीर होण्यापूर्वी ती वही तहसीलदारांच्या टेबलावर ठेवता येईल.